आपल्या उंबऱ्यापासून : जर्मन आणि हंगेरियन भाषांची तोंडओळख

आपल्या शाळेचा माजी विद्यार्थी मेळावा असो की वर्षावासाच्या समारोपाचा कार्यक्रम, अलीकडे पंगतीला बसलेले पालक आम्हाला एक प्रश्न हमखास विचारतात : “मुलीला बाहेरच्या देशाची भाषा शिकवायची आहे. कोणती सोपी जाईल?” पूर्वी हा प्रश्न कोणाच्या मनात येत नसे. पिंपळगाव बसवंतची द्राक्षे युरोपच्या बाजारात पोहोचली होती. परंतु ती खुडणाऱ्या आणि पेट्यांत भरणाऱ्या हातांची मुले तिकडे जातील, असे कोणी धरून चालत नव्हते. आता दिवस पालटले आहेत. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली जर्मनीतील बाडेन-व्युर्टेंबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळाविषयी करार केला. तेव्हापासून परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक होऊ पाहणाऱ्या तरुणांच्या तोंडी जर्मन भाषेचे नाव वारंवार ऐकू येते.

या प्रश्नामागची खरी काळजी आम्हाला एका प्रसंगाने कळली. आपल्याच वसतिगृहात वाढलेल्या आणि परिचर्येचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या एका मुलीच्या आईवडिलांनी, तीन महिन्यांत जर्मन शिकवण्याची हमी देणाऱ्या एका वर्गाला उसनवारी करून पैसे भरले. तीन महिने संपले, परीक्षेत अपयश आले, पैसेही गेले. ती भेटायला आली तेव्हा पैशांविषयी एक शब्दही बोलली नाही. एवढेच म्हणाली, “सर, माझं मराठीच अशुद्ध आहे. मला जर्मन कुठून येणार?” बुडालेल्या पैशांपेक्षा हे वाक्य आम्हाला अधिक लागले. हा लेख म्हणजे त्या वाक्याला दिलेले उत्तर आहे.

उत्तर देण्यासाठी आम्ही दोन भाषा समोर ठेवल्या आहेत : जर्मन आणि हंगेरियन. जर्मन का, हे सांगण्याची गरज नाही. हंगेरियन मात्र का, हे सांगितले पाहिजे.

दोन्ही भाषांशी आपले नाते

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जर्मन भाषेचा अभ्यास केला होता. लंडनमध्ये शिकत असतानाच १९२१ साली त्यांनी जर्मनीतील बॉन विद्यापीठात नाव नोंदवले आणि त्यासाठी स्वतःचा परिचय जर्मन भाषेत स्वहस्ते लिहून दिला. पुढे प्रत्यक्ष उपस्थित राहणे जमले नाही, म्हणून ते नाव पटावरून कमी झाले. पण तो हस्तलिखित परिचय विद्यापीठाच्या दप्तरात राहिला. ज्या मुलाला शाळेत वर्गाबाहेरच्या वागणुकीने संस्कृत शिकू दिले नाही, त्याने मोठेपणी मिळेल ती भाषा आपल्या कामाला जुंपली, हे त्या कागदावरून दिसते.

हंगेरियन भाषेशी नाते याहून अलीकडचे आहे. हंगेरीच्या ईशान्य भागात एक लहानसे गाव आहे. तेथे २००७ साली रोमा समाजातील, शिक्षण अर्धवट सुटलेल्या मुलामुलींसाठी डॉ. आंबेडकर यांच्या नावाने शाळा सुरू झाली. ती सुरू करणाऱ्यांत देर्दाक तिबोर आणि ओर्शोश यानोश हे दोघे प्रमुख होते. त्यांनी बाबासाहेबांविषयी वाचले, ते महाराष्ट्रात आले, येथील बौद्ध समाजाचे काम पाहिले आणि परत जाऊन आपल्या संस्थेला ‘जय भीम’ हे नाव दिले. रोमा लोकांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून पश्चिमेकडे गेले, असे भाषेच्या पुराव्यावरून मानले जाते. युरोपात त्यांच्या वाट्याला वेगळ्या वस्त्या आणि वेगळे बाक आले. ती गोष्ट आपल्याला निराळी समजावून सांगावी लागत नाही.

या दोन्ही भाषांना जोडणारा एक माणूस याहून जुना आहे. कोरोशी चोमा शांदोर हा हंगेरियन विद्वान १७८४ साली जन्मला, जर्मनीतील ग्यॉटिंगेन विद्यापीठात शिकला आणि आपल्या लोकांचे मूळ शोधत पायी आशियात आला. लडाख-झंस्कारच्या विहारांत राहून तो तिबेटी भाषा शिकला. त्याचा तिबेटी-इंग्रजी शब्दकोश १८३४ साली कलकत्त्यात छापला गेला आणि तिबेटी बौद्ध ग्रंथांचे दार युरोपला उघडले. १८४२ साली दार्जिलिंगला त्याचे निधन झाले. त्याच्या हाताशी ना वर्ग होता, ना हमी. होती ती चिकाटी.

‘सोपी’ म्हणजे कोठून सोपी?

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची एक संस्था आपल्या अधिकाऱ्यांना जगातील भाषा शिकवते. तिच्या अनुभवानुसार जर्मन शिकण्यास सुमारे ३६ आठवडे लागतात आणि हंगेरियनला सुमारे ४४. यावरून जर्मन सोपी आणि हंगेरियन अवघड असे सर्वत्र सांगितले जाते. पण हे माप इंग्रजी बोलणाऱ्यांच्या दारातून घेतलेले आहे. निफाडहून पिंपळगाव किती दूर आणि मुंबईहून किती, याची उत्तरे वेगळी असतात. भाषेचेही तसेच आहे. अंतर आपल्या उंबऱ्यापासून मोजले पाहिजे, आणि आपला उंबरा मराठी आहे.

जर्मन आणि मराठी या भाषा एकाच मोठ्या कुळातील दूरच्या बहिणी आहेत. पालीतील ‘नाम’, मराठीतील ‘नाव’ आणि जर्मनमधील ‘नामे’ एकाच मुळाची फळे आहेत. आपले ‘आठ’ तेथे ‘आख्ट’, ‘नऊ’ तेथे ‘नॉयन’. हंगेरियनचे कूळ निराळे आहे. फिनलंड आणि एस्टोनियाच्या भाषा तिच्या दूरच्या नातलग आहेत. जर्मन व हंगेरियन यांचा शेजार मात्र शतकानुशतकांचा आहे, जसा मराठी आणि कन्नड यांचा. मराठीने कन्नडकडून ‘अण्णा’ आणि ‘अक्का’ घेतले, तसे हंगेरियनने जर्मनकडून मेहुण्यासाठी ‘शोगोर’ हा शब्द घेतला. शेजाऱ्यांमध्ये वाटीभर साखरेची देवाणघेवाण होते, तेवढ्याने कूळ एक होत नाही.

बोलणाऱ्यांची संख्या पाहिली तर जर्मन ही नऊ कोटींहून अधिक लोकांची मातृभाषा आहे. हंगेरियन सुमारे सव्वा कोटी लोकांची. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी ८ कोटी ३० लाख लोकांची आहे. आपण लहान भाषेचे लोक आहोत, हा समज निदान या दोघींच्या शेजारी बसताना बाजूला ठेवावा.

उच्चार : ‘चहा’चा च आणि ‘चाका’चा च

‘चहा’ आणि ‘चाक’ हे दोन शब्द मोठ्याने म्हणून पाहा. अक्षर एकच, पण उच्चार दोन. ‘चाका’तील च म्हणताना जीभ दातांना टेकते आणि ‘त्स’सारखा ध्वनी निघतो. इंग्रजी किंवा हिंदी बोलणाऱ्याला शब्दाच्या आरंभी हा ध्वनी काढण्याचा सराव करावा लागतो. आपल्याला तो आईच्या भाषेतून मिळालेला आहे. जर्मनमध्ये दहाला ‘त्सेन’ म्हणतात, हंगेरियनमध्ये साखरेला ‘त्सुकोर’. दोन्ही ठिकाणी ‘चाका’चाच च आहे.

जर्मन लिपीत ‘झेड’ हे अक्षर दिसले की त्याचा उच्चार ‘त्स’ करावा. हंगेरियन लिपीत ‘एस’ दिसले की ‘श’ म्हणावे, आणि ‘एस’पुढे ‘झेड’ जोडलेले असेल तर ‘स’. म्हणून आपण नकाशात वाचतो ते बुडापेस्ट तेथील लोकांच्या तोंडी ‘बुदॉपेश्त’ असते. वर सांगितलेल्या शाळेच्या गावाचे नाव इंग्रजी वळणाने वाचले तर ‘साजोकाझा’ होते, प्रत्यक्षात ते ‘शॉयोकॉझॉ’ आहे. हंगेरियनमध्ये खूण नसलेला ‘ए’ हा ‘ऑ’सारखा उच्चारतात. आपला ‘आ’ हवा असेल तर त्यावर तिरकी रेघ द्यावी लागते. म्हणून तेथे ‘आंबेडकर’ हे नाव लिहिताना स्वरांवर अशा रेघा दिलेल्या दिसतात. ‘जय’मधील ‘ज’ लिहिण्यासाठी तर त्यांना डी, झेड आणि एस अशी तीन अक्षरे जोडावी लागतात.

हंगेरियनमध्ये ऱ्हस्व-दीर्घ पाळणे अत्यावश्यक आहे. ‘कोर’ ऱ्हस्व असेल तर अर्थ वय, दीर्घ असेल तर रोग. आपल्याकडे ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब. शुद्धलेखनाच्या तासाला कंटाळलेल्या मुलांना त्या तासाचा हा अनपेक्षित लाभ आहे. दोन्ही भाषांत एक-दोन स्वर मात्र आपल्याला पूर्ण नवे आहेत. ‘ई’ म्हणत असताना जीभ न हलवता ओठांचा चंबू करावा, म्हणजे त्यांतला एक सापडतो. आरशासमोर आठवडाभर सराव केला की तो बसतो.

तो, ती, ते

जर्मन शिकणाऱ्यांची पहिली तक्रार लिंगाची असते. प्रत्येक नामाआधी ‘डेर’, ‘डी’ किंवा ‘डास’ लावावे लागते : पुल्लिंगी, स्त्रीलिंगी, नपुंसकलिंगी. ‘डास’ ऐकून पहिल्या दिवशी वर्ग हसतो, आणि दुसऱ्या दिवसापासून रडतो. इंग्रजी बोलणाऱ्याला घर ‘ते’ का आणि भिंत ‘ती’ का, हे कळत नाही. हिंदी बोलणाऱ्याजवळ दोनच लिंगे आहेत. मराठी बोलणाऱ्याजवळ तिन्ही आहेत. तो दगड, ती भिंत, ते घर, असे आपण चौथ्या वर्षापासून न चुकता म्हणत आलो आहोत.

इतकेच नव्हे, तर पुस्तक, घर, पाणी आणि मूल हे चारही शब्द मराठीत नपुंसकलिंगी आहेत आणि जर्मनमध्येही. अर्थात हा योगायोग आहे, त्यावर विसंबू नये. आपला सूर्य ‘तो’ आहे, जर्मनांचा सूर्य ‘ती’. म्हणून प्रत्येक नाम त्याच्या लिंगासह पाठ करणे हाच राजमार्ग. जर्मनमध्ये ‘मुलगी’ हा शब्द नपुंसकलिंगी आहे, याचे अनेकांना आश्चर्य वाटते. आपल्याला वाटू नये. कोकणातील मालवणी बोलीत मुलीला ‘चेडू’ म्हणतात आणि तो शब्दही नपुंसकलिंगीच आहे. ज्या रूपाला पुस्तकी मराठी हसते, त्याचे भावंड युरोपातील एका प्रतिष्ठित भाषेत सुखाने नांदते आहे.

हंगेरियनमध्ये याच्या अगदी उलट आहे. तेथे लिंग नाहीच. तो आणि ती या दोघांसाठी एकच सर्वनाम आहे. ‘शिक्षक आले’ की ‘शिक्षिका आल्या’, हे क्रियापदावरून कळत नाही. लिंगाच्या बाबतीत हंगेरियन शिकणाऱ्याला पूर्ण सुट्टी असते. पण ही सुट्टी प्रत्ययांच्या तासाला भरून द्यावी लागते.

घरात, घरातून, घरावर

हंगेरियनची भीती दाखवताना सांगतात की तिच्यात अठराच्या आसपास विभक्त्या आहेत. आकडा ऐकून छाती दडपते. पण त्या विभक्त्या कशा आहेत ते पाहावे. घराला तेथे ‘हाझ’ म्हणतात. ‘हाझबॉन’ म्हणजे घरात, ‘हाझबोल’ म्हणजे घरातून. ‘हाझॉम’ म्हणजे माझे घर आणि ‘हाझॉमबॉन’ म्हणजे माझ्या घरात. नामाला मागून प्रत्यय जोडत जाणे, ही तर आपलीच रीत आहे. इंग्रजी माणूस ‘मध्ये’, ‘वर’, ‘पासून’ हे शब्द नामाच्या आधी ठेवतो. आपण आणि हंगेरियन लोक ते नामाच्या पाठीशी बांधतो.

यात एक नियम नवा आहे. हंगेरियन प्रत्यय शब्दातील स्वरांशी सूर जुळवून घेतात. घर ‘हाझ’ म्हणून ‘हाझबॉन’. बाग ‘केर्त’ म्हणून ‘केर्तबेन’. शब्दाचे स्वर घशाकडचे असतील तर ‘बॉन’, ओठांकडचे असतील तर ‘बेन’. हे अवघड वाटले तर मराठीचे सामान्यरूप आठवावे. पाणी, पण पाण्यात. पाऊस, पण पावसात. मूल, पण मुलाला. रस्ता, पण रस्त्यावर. परक्या माणसाला हे शिकवताना आम्हाला घाम फुटतो. आपली लेकरे ते अंगणात खेळता खेळता शिकतात. ‘पाण्यात’ म्हणता येणाऱ्याला ‘केर्तबेन’ म्हणता येणार नाही, असे कसे होईल?

आता एक ठिकाण असे, जेथे मराठी माणूस दोन्ही भाषांत चुकतो. आपण म्हणतो, ‘ताई घरात आहे’ आणि ‘ताई घरात गेली’. दोन्हींकडे ‘घरात’ तेच राहते. जर्मन आणि हंगेरियन भाषांत असणे आणि जाणे यांसाठी दोन वेगळी रूपे लागतात. हंगेरियनमध्ये घरात असणे ‘हाझबॉन’, पण घरात जाणे ‘हाझबॉ’. जर्मनमध्ये घरात असणे ‘इम हाउस’, पण घरात जाणे ‘इन्स हाउस’. शिकणाऱ्याने प्रत्येक वाक्याआधी स्वतःला एवढे विचारावे : कर्ता तेथे आहे, की तेथे निघाला आहे? जर्मनच्या पहिल्या वर्षातील बऱ्याच चुका या एका प्रश्नाने टळतात.

जर्मनमध्ये विभक्त्या चारच आहेत, पण त्यांची खूण नामापेक्षा आधी येणाऱ्या ‘डेर-डी-डास’वर दिसते. कर्ता पुल्लिंगी असेल तर ‘डेर’, कर्म झाले की ‘डेन’. तक्त्यात सोळा घरे असतात, परंतु त्यांत फिरणारे निरनिराळे शब्द सहाच आहेत. आपल्या मुलांना याचीही ओळख आहे. दररोज सकाळी वंदनेत ती ‘बुद्धं’ म्हणतात, तेव्हा त्या शब्दाच्या शेवटचा अनुस्वार ही द्वितीया विभक्तीच असते. पालीतील ‘तं’ आणि जर्मनमधील ‘डेन’ यांचे मूळ एकच आहे. अर्थ न कळता पाठ केलेली वंदना आणि अर्थ न कळता पाठ केलेला तक्ता, दोन्ही सारखेच कोरडे. अर्थ समजून म्हटले की दोन्ही सोपे होतात.

वाक्य, आकडे आणि नाती

‘कारण मी आज आजारी आहे’ हे वाक्य जर्मनमध्ये असे होते : ‘वाइल इश हॉयटे क्रांक बिन’. कारण, मी, आज, आजारी, आहे. शब्दाखाली शब्द ठेवावा, इतका क्रम सारखा. ‘कारण’, ‘जर’, ‘की’ अशा शब्दांनी सुरू होणाऱ्या जर्मन उपवाक्यात क्रियापद शेवटी जाते. इंग्रजीच्या सवयीने शिकणारे येथे अडखळतात. आपण अडखळतो ते साध्या मुख्य वाक्यात, कारण तेथे क्रियापद दुसऱ्या स्थानी हवे असते.

हंगेरियनमध्ये शब्दांचा क्रम मोकळा आहे, पण ज्या शब्दावर भर द्यायचा तो क्रियापदाच्या लगेच आधी येतो. ‘पिंपळगावला कोण गेले?’ या प्रश्नाला आपण ‘पिंपळगावला ताई गेली’ असे उत्तर देतो, तसेच. तेथील क्रियापद मात्र वेगळाच हिशेब ठेवते. ‘लातोक’ म्हणजे मी काहीतरी पाहतो. ‘लातोम’ म्हणजे मी ते ठरावीक पाहतो. ‘लातलॉक’ म्हणजे मी तुला पाहतो. कर्म कोणते, हे क्रियापदाच्या शेपटीवरून कळते. आपल्याकडेही ‘मी आंबा खाल्ला’ आणि ‘मी पोळी खाल्ली’ यांत क्रियापद कर्माकडे पाहून बदलते. रीत निराळी आहे, पण क्रियापदाने कर्माची दखल घेणे आपल्याला परके नाही.

‘मला एक थोरला भाऊ आहे’ असे आपण म्हणतो, तसेच हंगेरियन माणूसही ‘मला आहे’ असेच म्हणतो. जर्मन माणूस मात्र भाऊ ‘बाळगतो’. शिवाय हंगेरियनमध्ये थोरला भाऊ, धाकटा भाऊ, थोरली बहीण, धाकटी बहीण यांना चार स्वतंत्र शब्द आहेत. दादा आणि ताईच्या घरात वाढलेल्या मुलाला ते घर ओळखीचे वाटेल. तेथे आडनाव आधी आणि नाव नंतर लिहितात, आपल्या शाळेच्या हजेरीपटासारखे. वर उल्लेख केलेली दोन्ही नावे त्याच क्रमाने दिली आहेत.

आकड्यांत मात्र जर्मन आपल्याजवळ येते. पंचवीसमध्ये पाच आधी आणि वीस नंतर. जर्मनमध्येही ‘पाच-आणि-वीस’. हंगेरियनमध्ये ‘वीस-वर-पाच’. फक्त एकोणतीसला सांभाळावे. आपण तेथे तिसातून एक वजा करतो, जर्मन माणूस सरळ ‘नऊ-आणि-वीस’ म्हणतो. जोडशब्दांच्या बाबतीत तिघांचे एकमत आहे. आपले रुग्णालय, जर्मनांचे ‘क्रांकेनहाउस’ आणि हंगेरियनांचे ‘कोरहाझ’ या तिन्हींची घडण एकच, आजाऱ्यांचे किंवा आजाराचे घर.

कोणती निवडावी?

आता पंगतीतल्या प्रश्नाकडे येऊ. पोटापाण्यासाठी परदेशी जायचे असेल, तर जर्मन निवडावी. तिला रोजगार आहे, आणि पुण्यात मॅक्सम्युलर भवन व सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ येथे शिकण्याची जुनी आणि भक्कम सोय आहे. हंगेरियन शिकण्याची सोय आपल्यापासून दूर, प्रामुख्याने दिल्लीत आहे. हंगेरी सरकार दरवर्षी भारतातील २०० विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देऊ करते. ते शिक्षण इंग्रजीतूनही घेता येते. तरीही जो विद्यार्थी तेथे जाईल, त्याने निघण्यापूर्वीच हंगेरियनचा श्रीगणेशा करावा. वर्ग इंग्रजीत चालतो, पण बाजार, दवाखाना आणि मैत्री इंग्रजीत चालत नाही.

वेळेविषयी पालकांनी कोणाच्याही हमीवर जाऊ नये. युरोपात भाषेच्या सहा पातळ्या मानतात, ए-वनपासून सी-टूपर्यंत. परिचारिकेला जर्मनीत पूर्ण मान्यता मिळवण्यासाठी बहुधा बी-टू पातळी लागते. गोएथे इन्स्टिट्यूटच्या हिशेबाने तेथवर पोहोचण्यास ४५ मिनिटांच्या साधारण ६०० ते ८०० तासिका लागतात. रोज दोन तासिका धरल्या तरी वर्ष सहज जाते. पैसे भरण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात : शिकवणाऱ्याने स्वतः कोणती परीक्षा दिली आहे, एकूण तासिका किती, आणि शेवटची परीक्षा कोण घेणार. ऑक्टोबर छाटणीपासून द्राक्षाचा घड काढणीला येण्यासही चार महिन्यांच्या आसपास लागतात, हे आपल्या तालुक्यात कोणाला सांगायला नको. मग तीन महिन्यांत भाषा कशी पिकेल?

अशुद्ध म्हणजे काय?

शेवटी त्या मुलीचे वाक्य. आपल्या वसतिगृहात मुले येतात ती बागलाणची अहिराणी, सुरगाणा-कळवणकडील डोंगराळ बोली, वस्तीवरचे खास हेल घेऊन. शाळेत ती प्रमाण मराठी शिकतात, चित्रपटांतून हिंदी उचलतात, पुस्तकांतून इंग्रजी. म्हणजे दहावीला बसेपर्यंत त्या मुलाने चार भाषांत ये-जा केलेली असते. हे मोठे काम त्याने केले, पण त्याचे गुण कोणत्याही पत्रिकेत आले नाहीत. आला तो ‘अशुद्ध’ हा शेरा.

हंगेरीतही हे घडले आहे. तेथील बहुतेक रोमा आता हंगेरियनच बोलतात. परंतु काहींनी रोमानी भाषा जपली आहे, आणि ती मराठीची लांबची बहीण आहे. त्या भाषेत पाण्याला ‘पानी’, कानाला ‘कान’, नाकाला ‘नाख’ म्हणतात, आणि पाचला ‘पांज’. शतकानुशतके ती चोरांची बोली म्हणून हिणवली गेली. तरीही हंगेरियन लोकांच्या रोजच्या बोलण्यात ‘मॉनुश’ हा शब्द शिरला आहे. त्याचा अर्थ माणूस, आणि तो रोमानीतून आला आहे. आज हंगेरीत रोमानीच्या लोवारी बोलीची, तसेच काही रोमा कुटुंबांत बोलल्या जाणाऱ्या बेआश भाषेची राज्यमान्य परीक्षा देता येते. जी भाषा मुलाने शाळेच्या दाराबाहेर ठेवून यावी अशी अपेक्षा होती, तिचेच प्रमाणपत्र त्याला आता मिळू शकते.

म्हणून त्या मुलीसमोर आम्ही वही ठेवली आणि तिच्याच बोलीतील शब्द तिला तो, ती, ते यांत वाटायला सांगितले. तिने एकही चूक केली नाही. मग ‘पाऊस’पासून ‘पावसात’, ‘पावसाने’, ‘पावसाळ्यातले’ अशी रूपे करायला सांगितली. तीही झाली. “हे ज्याला येतं, त्याला व्याकरण येतं,” एवढेच आम्ही म्हणालो. पुन्हा सुरुवात करायला तिला दोन महिने लागले. आता ती तिसऱ्या पातळीवर आहे. बी-टू अजून दूर आहे, उसनवारीही अजून पुरती फिटलेली नाही. पण ‘माझं मराठी अशुद्ध’ हे वाक्य पुन्हा तिच्या तोंडून आलेले नाही.

आपण दहावीच्या परीक्षेला शालान्त परीक्षा म्हणतो, म्हणजे शाळेचा शेवट. शाळा संपवताना हंगेरीतील मुले जी परीक्षा देतात तिचे नाव ‘एरेत्शेगी’ आहे, आणि ‘एरेत्त’ म्हणजे पिकलेले. जर्मन भाषेतही या परीक्षेसाठी ‘राइफेप्र्युफुंग’ हा शब्द आहे, आणि त्याचाही अर्थ पिकल्याची परीक्षा असाच होतो. शॉयोकॉझॉची शाळा ज्या जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात टोकॉय हा द्राक्षांसाठी प्रसिद्ध प्रदेश आहे. तेथल्या आणि येथल्या बागाईतदाराला एक गोष्ट सारखीच ठाऊक असते : वेल कोणत्या मातीत उभी आहे, हे पाहूनच तिला खतपाणी द्यावे लागते. आपली मुले ज्या मातीत उभी आहेत, ती त्यांच्या घरातली बोली आहे. पालकांनी आणि शिक्षकांनी प्रथम तिला हिणवणे थांबवावे. त्यानंतर जर्मन शिकावी की हंगेरियन, हा प्रश्न उरतो तो केवळ सवडीचा आणि गरजेचा.